येफ्रीच्या बदल्यात ओव्हिदिओ

माझ्या पोराच्या बदल्यात ते आम्हाला एक डावखुरा पिचर देणार होते, आणि तोही चाळिशीला टेकलेला! चिचीनं ही बातमी आणली तेव्हा माझ्या हातात उकळत्या तेलातला झारा होता. त्याचं नशीब बरं, तो कढईच्या पलीकडे उभा होता.

"पुन्हा बोल," मी म्हटलं.

"पुएर्तो कोरालवाले ओव्हिदिओ द्यायला तयार आहेत, दोन्या एर्सिलिया," चिची एक पाऊल मागे सरकला. "आपण येफ्री दिला तर. सणाच्या आत ठरवायचंय. आज दुपारी बैठक आहे."

चिची आमच्या बेसबॉल टीमचा कोच, मला मानानं दोन्या म्हणतो. काडीसारखा माणूस, पण आवाज असा की साखर कारखान्याचा भोंगा मागे पडावा. ग्वायाकानची टीम दरवर्षी फायनलला जाते आणि दरवर्षी हरते, त्या काळजीनं त्याचे सगळे केस गेले.

येफ्री माझा मुलगा, टीममधला सगळ्यात लहान आणि आमचा मधला आउटफिल्डर. मैदानाच्या पार टोकाला एकटं उभं राहून उंच आलेले चेंडू झेलायचे, हे त्याचं काम. आई म्हणून कौतुक करत नाही. छे, आई म्हणूनच करते, मला कोणाची भीती आहे? बॅटचा आवाज झाला की बाकीची पोरं माना वर करून चेंडू शोधत बसतात. माझा येफ्री तोवर धावत सुटलेला असतो. चेंडू कुठं पडणार ते त्याला आवाजावरूनच कळतं. असलं काही कोणी शिकवत नाही, ते अंगातच असावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, त्याच्या अदलाबदलीत मी कोण बोलणारी? मी या टीमची माद्रीना, म्हणजे मानाची आई. इतर गावांत दरवर्षी एक नवी देखणी पोरगी निवडतात, तिच्या खांद्यावरून रेशमी पट्टा सोडतात, पहिल्या सामन्याला मिरवतात आणि पुढच्या वर्षी दुसरी आणतात. मला विशीत निवडलं. वर्ष संपल्यावर पट्टा परत मागायला आले, मी दिला नाही. तेव्हापासून मीच आहे. पट्टा आता पोटावर पुरत नाही, दोन पिना लावाव्या लागतात, पण काढून घ्यायची कोणाची बिशाद नाही. माद्रीनाला कमिटीत मत असतं. कमिटी तिघांची. एक चिची, एक मी आणि अध्यक्ष राडामेस.

राडामेसचं किराणा दुकान आहे, बैठका तिथंच होतात. येफ्रीच्या बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातात धरलं, म्हणून ते मला कोमाद्रे म्हणतात आणि मी त्यांना कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जड. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही. मी भांडते ती गोष्ट वेगळी.

दुपारी वीज गेली होती. पंखा बंद, फ्रीजमधून पाणी गळतंय, आणि आम्ही तिघं दुकानापुढच्या डॉमिनोच्या टेबलाशी घाम पुसत बसलेले.

"बोला," मी म्हटलं. "माझ्या पोराला कोण विकतंय ते बघू दे."

"विकत कोणी नाही, कोमाद्रे," राडामेस म्हणाले. "आधी डोकं थंड करा. आपलं मैदान कसलं आहे? मागं वीस पावलांत ऊस. येफ्री जरा मागे धावला की उसात शिरतो. चेंडू उसात गेला की दोन बेस द्यायचे, हा आपला नियम. मग पोरानं पळून दाखवायचं कुठं? पुएर्तो कोरालला सिमेंटचं स्टेडियम आहे, दिवे आहेत. शनिवारी अमेरिकन क्लबांची माणसं पोरं हेरायला येऊन बसतात. ती माणसं ग्वायाकानला कशाला येतील? डास चावून घ्यायला?"

"तुमच्या दुकानातली शिळी बिस्किटं खायला," मी म्हटलं.

चिची फिस्सकन हसला, मग राडामेसचा चेहरा बघून गप्प झाला. पण तोही त्यांच्याच बाजूचा. "दोन्या, मला चेंडू टाकायला चांगला पिचर पाहिजे. ओव्हिदिओचा हात अजून शाबूत आहे. तो असता तर मागची फायनल आपली होती. एकदा, फक्त एकदा तो कप हातात धरू द्या मला, मग खुशाल मरतो."

"मर की! कप छातीवर ठेवून पुरू तुला."

मग मी सुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. म्हटलं, माझ्या दोन्ही मुली पोर्तो रिकोला गेल्या, येते येते म्हणतात आणि फोनवरच उरल्या आहेत. नवरा उसाचा हंगाम संपल्यावर काम बघायला राजधानीत गेला तो अजून बघतोच आहे. ग्वायाकानमधून जो जातो तो जातो. एक पोरगा उरलाय, तर त्यालाही तुम्ही लोक एका लंगड्या म्हाताऱ्यापायी घालवणार? मेल्यांनो, लाज वाटते का?

"ओव्हिदिओ लंगडा नाही," चिची पुटपुटला.

"माझ्या हाती लागला की होईल!"

राडामेसनी हॅट काढून टेबलावर उलटी ठेवली. "पुरे. मत घेऊ. गुप्त."

"तिघांत गुप्त मत? उन्हानं डोकं फिरलं का तुमचं?"

"तिघांत आहे म्हणूनच. उद्या पोराचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही माझ्या दारात येऊन माझ्या सात पिढ्या काढाल. कोणी काय मत दिलं ते कळायलाच नको."

आमच्याकडे मत डॉमिनोच्या सोंगट्यांनी देतात. टीमचा कप्तान निवडायचा असो की सणाचं डुक्कर कोणी कापायचं ते, सोंगट्या निघतात. एक बाजू कोरी असलेली सोंगटी टाकली तर येफ्री राहणार, दोन्ही बाजूंना ठिपके असलेली टाकली तर जाणार, असं ठरलं. प्रत्येकानं दोन्ही प्रकारची एकेक उचलायची आणि हवी ती हॅटमध्ये पालथी टाकायची. पहिले राडामेस. त्यांनी कुठंतरी दूर बघत टाकली. मग चिचीनं टाकली आणि हॅट माझ्याकडे सरकवली.

माझ्या मुठीत कोरी तयार होती. मला माहीत होतं की मी हरणार. तासभर दोघंही त्याला पाठवा म्हणून घसा कोरडा करत होते, म्हणजे दोन विरुद्ध एक. पण हरायचं तर मत देऊन हरेन, असं म्हणत मी हॅटमध्ये वाकले.

आणि बघतच राहिले.

त्या सोंगट्या राडामेसच्या वडिलांच्या. रोज संध्याकाळी आम्ही त्याच टेबलावर त्याच सोंगट्या आपटत आलो. एकीच्या पाठीला सिगारचा डाग आहे, एकीचा कोपरा उडालाय, एकीवर कोणाच्या तरी पोरानं दात उमटवले आहेत. पालथ्या ठेवल्या तरी कुठली कुठली ते आम्हाला तोंडपाठ. म्हणून तर परगावचा माणूस आमच्याबरोबर खेळायला बसत नाही! आणि असल्या सोंगट्या घेऊन आम्ही तीन शहाणे गुप्त मतदान करत होतो. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

हॅटमध्ये सिगारच्या डागाची पडली होती. ती कोरा-चौका. तिच्याशेजारी कोपरा उडालेली. ती कोरा-एक्का.

दोन्ही कोऱ्या. दोघांनीही येफ्रीला ठेवून घेतलं होतं.

मी चिचीकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. राडामेस फ्रीजमधून गळणारं पाणी बघत होते, जणू त्यांनी पाणी कधी पाहिलंच नव्हतं. आणि मला सगळं कळलं. तोंडानं जा जा म्हणणारे हे दोघे मनापासून तेच म्हणत होते, पोरानं जायलाच हवं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एर्सिलिया एकटी पडेल, बिचारी एर्सिलिया, म्हणून गुपचूप कोरी टाकून मोकळे झाले. माझी कीव केली मेल्यांनी! कप सोडला चिचीनं, माझ्यासाठी.

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. हातातली कोरी टाकायची, बस. पोरगा घरी, रोज माझ्या हातचं खाणार, उसापर्यंत धावणार, आणि उसापाशी थांबणार. माझ्या भल्यासाठी थांबणार. पुढं तिशीत पोट सुटलेला येफ्री या टेबलाशी बसून सोंगट्या आपटताना मला लख्ख दिसला. पोर हुशार होतं हो, असं लोक त्याच्याबद्दल बोलताना ऐकू आलं.

डोक्यात सणक गेली. मी मुठीतली कोरी खिशात कोंबली, दुसऱ्या हातातली सहा-सहा उचलली आणि हॅटमध्ये न टाकता टेबलावर अशी आपटली की चिची उडाला.

"जाणार!" मी म्हटलं. "माझं मत जाणार. गुप्तबिप्त गेलं खड्ड्यात."

"कोमाद्रे, नियमानं दोन विरुद्ध एक..." राडामेसनी तोंड उघडलं.

"दोन विरुद्ध एक काय ते मला सांगू नका! कोरा-चौका तुमचा, कोरा-एक्का या टकल्याचा. मला काय आंधळी समजलात? एर्सिलियाची दया आली ना तुम्हाला?"

दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. चिची हॅटमध्ये डोकावला, मग राडामेसकडे बघून म्हणाला, "तुम्ही पण कोरीच टाकली?"

"तूच तासभर पिचर पिचर करत होतास ना?" राडामेस त्याच्यावर खेकसले.

"मग काय करू? यांच्या घरात येफ्री नसला तर या ओरडणार कोणावर? माझ्यावरच ना!" चिची म्हणाला. आणि मग हळूच, "मनाला पटेना, दोन्या. तुमचं शेवटचं पोर."

त्याच्यावर ओरडायचं होतं. शेवटी मी म्हटलं, "हे बघा दोघं. माझं पोर कोणाच्या दयेवर इथं राहणार नाही. त्याची लायकी मोठ्या मैदानाची आहे. नसती तर मी एवढी भांडले असते का? कोणी नेईल याची भीती होती म्हणून तर भांडले. आता जातोय तर ताठ मानेनं जाईल. एक अट मात्र सांगा त्यांना. पहिल्या दिवसापासून मधलं मैदान त्याचं. बाकावर बसवलात तर मी स्वतः येऊन कान धरून परत आणीन. त्याचा नाही, तुमच्या कोचचा."

राडामेसनी माझा हात हातात घेतला. त्यांना बोलता आलं असतं तर मीच रडले असते.

येफ्रीला मी सांगायच्या आधीच कळलं होतं. ग्वायाकानमध्ये बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. दारात उभा, ग्लोव्ह काखेत, तोंड फुगलेलं.

"माई, तू मत दिलंस? मी जावं म्हणून?"

"हो."

"त्या दोघांनी दिलं नाही, आणि तू दिलंस?"

"मीच दिलं. आणि आता भात गार होतोय, बस."

"मला कोणी विचारलं का?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

त्यानं ग्लोव्ह या काखेतून त्या काखेत घेतला. त्याला जायचं होतं. आईला सोडून जायचं होतं याची त्याला लाज वाटत होती, आणि माझ्या मतामुळे ती लाज लपवायला राग मिळाला. एवढं मला कळत नाही होय? नऊ महिने पोटात ठेवलाय. म्हटलं, रागव. राग धरून गेलास तर पाय उचलतील तरी.

अदलाबदल मैदानावरच होते आमच्याकडे, सगळ्यांसमोर, आणि टोपी माद्रीनाच बदलते. मी पट्टा लावून गेले. त्याच्या डोक्यावरची आमची हिरवी टोपी काढली आणि त्यांची निळी घातली. निळी त्याला शोभत नाही, अजूनही म्हणते. आमच्याकडे पोर घराबाहेर पडताना आईला म्हणतं, आशीर्वाद दे, आणि आई म्हणते, देव तुझं भलं करो. येफ्रीनं ते कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी तो न मागताच गाडीत बसला. मी उभी राहिले. पलीकडून ओव्हिदिओ आला, त्याला मी आमची हिरवी टोपी घातली आणि म्हटलं, "जिंकला नाहीस तर खैर नाही." तो बिचारा घाबरून हो म्हणाला.

आणि जिंकला की! एकामागून एक सामने काढले त्यानं. दिवसभर गुडघ्याला बर्फ बांधून बसायचा, माझी तळलेली केळी खायचा आणि संध्याकाळी मैदानात गेला की समोरच्या बॅटरला रडवायचा. आम्ही फायनलला पोचलो, पुएर्तो कोरालविरुद्ध, त्यांच्याच स्टेडियमवर. कारखान्याच्या ट्रकांत बसून सगळं ग्वायाकान गेलं.

सामन्याच्या आधी येफ्री जाळीपाशी आला. दंड भरले होते, चेहरा उन्हानं रापला होता. जाळीत बोटं अडकवली.

"आशीर्वाद दे, माई."

"देव तुझं भलं करो," मी म्हटलं. "आणि आज आमच्याविरुद्ध काही चांगलं केलंस तर जेवायला येऊ नकोस."

तो हसला. बाई गं, ते हसू. शनिवारी येणारी ती अमेरिकन माणसं वर सावलीत बसली होती, आणि त्यांचं लक्ष त्याच्यावरून हलत नव्हतं हे मला खालूनही दिसत होतं.

सामन्याचं सगळं सांगत बसत नाही. शेवटची इनिंग, आम्ही एका धावेनं मागे, बॅट आमच्याकडे. दोघं बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपला, पण दोघं बेसवर. एक चांगला फटका आणि कप आमचा. चिची खाली बसून डोळे मिटून प्रार्थना करत होता. आमच्या न्हाव्याच्या मुलानं बॅट फिरवली, आणि असा आवाज झाला की आमची सगळी बाजू उभी राहिली. चेंडू मधल्या मैदानाच्या डोक्यावरून गेला. लांब, फार लांब. मी पण उभी राहिले, हात वर, ओरडत. गेला, गेला, जिंकलो!

आणि मग मला येफ्री दिसला. तो आधीच धावत होता. चेंडूकडे पाठ करून, मागे न बघता, मागे, आणखी मागे. त्याच्यासमोर मैदान होतं, भरपूर मैदान, आणि तो ते सगळं खात गेला. भिंतीपाशी त्यानं उडी मारली, भिंतीला आपटला, खाली पडला. पंच धावत गेला. येफ्रीनं पडल्या पडल्या ग्लोव्ह वर केला. चेंडू आत होता.

आम्ही हरलो.

मग चिचीनं टोपी जमिनीवर आपटली, दोनदा तिच्यावर उडी मारली आणि ओरडला, "कोणी शिकवलंय त्याला? मी! मी शिकवलंय!" आणि ढसाढसा रडत टाळ्या वाजवायला लागला. ओव्हिदिओ त्याच्या पाठीवर थापट्या मारत होता. आमचे ढोलवाले हरल्याचं विसरून ढोल बडवायला लागले. पुएर्तो कोरालची माणसं आमच्याकडे बघायला लागली. जिंकले ते की आम्ही, त्यांना कळेना.

तेवढ्यात लाउडस्पीकर घरघरला. "महाशयहो, असा झेल या मैदानानं पाहिलेला नाही! पुएर्तो कोरालचा पोरगा, आपला स्वतःचा, पुएर्तो कोरालचा येफ्री!"

काय?

मी उठले. राडामेस म्हणाले, "कोमाद्रे, बसा," आणि माझा पट्टा पकडला. पिना तुटल्या, पट्टा त्यांच्या हातात राहिला. मी त्या लोकांमधून, कोपरं मारत, जिन्यानं वर गेले. निवेदकाची खोली लहानशी, आत एक जाडा माणूस, गळ्यात टाय, हातात माइक.

"कोणाचा पोरगा म्हणालास?"

"बाई, इथं यायला परवानगी..."

"मी त्याची आई आहे! माझ्या घरी वाढलाय तो, माझ्या हातचं खाऊन. तुमच्याकडे येऊन त्याला किती दिवस झाले? पुएर्तो कोरालचा म्हणे! पुन्हा बोल. नीट बोल."

तो गडबडला. खिडकीतून खाली बघितलं, तर येफ्रीला निळ्या टोप्यांनी खांद्यावर घेतलं होतं आणि तो मान वळवून वळवून आमच्या बाजूकडे बघत होता. निवेदकानं माइकवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बरं दोन्या, मग काय म्हणू? कोणाचा मुलगा म्हणू? तुमचं नाव सांगा."

माझं नाव जिभेवर होतं. एवढा जिना चढून तेच सांगायला तर आले होते. खाली बघितलं. चिची चुरगळलेली टोपी उराशी धरून रडत होता, हसत होता. राडामेस माझा पट्टा झेंड्यासारखा हलवत होते, त्यांना वाटलं मला वर कोंडून ठेवलंय. आमचं सगळं गाव, हरलेलं, वर तोंडं करून उभं होतं.

"ग्वायाकानचा म्हण," मी म्हटलं.

त्यानं म्हटलं. सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं म्हटलं. आमच्या बाजूनं जो आवाज उठला त्यानं खोलीची काच हादरली, आणि येफ्रीनं खांद्यांवरूनच निळी टोपी काढून आमच्याकडे हलवली. निवेदकानं मला त्याची खुर्ची दिली आणि पाणी दिलं, आणि मी तिथं, त्या परक्या माणसासमोर, तोंडावर हात नाही काही नाही, लहान पोरीसारखी मोठ्यानं रडले. त्याचा माइक चालूच राहिला होता. सगळ्या स्टेडियमनं ऐकलं. ऐकू दे.